विकता न येण्याचा फायदा

शेअर बाजार कोसळला की गुंतवणूकदारांना धीर धरण्याचा सल्ला सर्व बाजूंनी मिळू लागतो, आणि त्या सल्ल्यात असे गृहीत धरलेले असते की पडझडीत टिकून राहणे हा स्वभावाचा प्रश्न आहे, म्हणजे धीराचा माणूस तरतो आणि घाबरट माणूस बुडतो. भारतातील मोठ्या पडझडींचा इतिहास मात्र या समजुतीला फारसा दुजोरा देत नाही. ज्यांच्यावर नेमक्या वाईट दिवशी विकण्याची पाळी आली ते बुडाले आणि ज्यांच्यावर ती आली नाही ते तरले, एवढेच त्यातून ठामपणे म्हणता येते. आणि ती पाळी कोणावर येणार हे बहुतेक वेळा पडझडीच्या कितीतरी आधी, पैसा कोणाचा आहे, तो कधी लागणार आहे आणि तो कोणत्या नियमांनी बांधलेला आहे, यावरून ठरून गेलेले असते. हे पाहायचे असेल तर मुंबईच्या दलाल स्ट्रीटइतकीच दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरसारखी वसाहतही उपयोगी पडते.

दक्षिण दिल्लीत आयएनए बाजार आणि सरोजिनीनगर यांच्या शेजारी असलेली ही वसाहत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आहे. येथील क्वार्टरमध्ये राहणाऱ्या माणसाचे आर्थिक आयुष्य सरकारी नियमांनी जितके आखलेले असते तितके मुंबई-पुण्यातील खासगी नोकरदाराचे क्वचितच असते. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ मधील सोळावा नियम सांगतो की सरकारी कर्मचाऱ्याने शेअर्समध्ये किंवा अन्य गुंतवणुकीत सट्टा करू नये; वारंवार केलेली खरेदी-विक्री हा सट्टाच समजला जाईल, प्रसंगोपात्त केलेली गुंतवणूक मात्र चालेल. शेअर्स, म्युच्युअल फंड इत्यादींमधील वर्षभरातील व्यवहार एका मर्यादेपलीकडे गेले तर ते वरिष्ठांना कळवावे लागतात, आणि २०१९ पासून ही मर्यादा सहा महिन्यांच्या मूळ वेतनाइतकी आहे. नियम करणाऱ्यांच्या मनात कर्मचाऱ्याची सचोटी होती, त्याच्या गुंतवणुकीचा नफा नव्हे; तरीही गुंतवणूकशास्त्राची पुस्तके जे पानोपानी सांगतात, की कमी वेळा विका, उसन्या पैशावर खेळू नका, ते या नियमाने साध्या शिस्तभंगाच्या धाकावर साधले, ही त्यातली गंमत आहे.

उसन्या पैशाचा धोका मुंबईला फार लवकर कळला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला, मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि त्या पैशातून बँका, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या आणि नुसत्या नावापुरत्या उभ्या राहिलेल्या कंपन्या यांच्या शेअर्सचा सट्टा माजला. हे सौदे बहुतांशी वायद्याचे होते, म्हणजे पुढच्या एका तारखेला ठरलेल्या भावाने घेण्या-देण्याचे वचन आज द्यायचे, आणि हातात पैसा नसतानाही ते देता येत होते. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी शेकडो वायद्यांची मुदत भरली तेव्हा ते पुरे करण्याची ऐपत ना घेणाऱ्यांत उरली होती ना देणाऱ्यांत. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता तो पुढे ८७ रुपयांना विकला गेला. बाजारातले मुरलेले व्यापारी तर यात सापडलेच, पण डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान वैद्याची आणि संशोधकाचीही मालमत्ता त्यात गेली. या माणसांकडे बुद्धीची किंवा धैर्याची वाण होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्यांच्या वचनांना तारीख होती, आणि ती तारीख त्यांच्या हातात नव्हती.

पुढच्या सव्वाशे वर्षांत बाजाराची यंत्रणा बदलली, तारखेचा हा प्रश्न मात्र रूप बदलून राहिला. १९९२ च्या तेजीच्या मुळाशी बँकांचा पैसा होता; सरकारी रोख्यांच्या व्यवहारांतील ढिलाईचा फायदा घेऊन हर्षद मेहता या दलालाने तो शेअर्सकडे वळवला होता. मुंबई शेअर बाजारातील तीस मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढला जाणारा सेन्सेक्स हा निर्देशांक २२ एप्रिल १९९२ रोजी ४,४६७ वर बंद झाला. दुसऱ्याच दिवशी या घोटाळ्याची पत्रकार सुचेता दलाल यांनी दिलेली बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली, २८ एप्रिलला एका दिवसात निर्देशांक जवळजवळ तेरा टक्के घसरला आणि वर्षभरात तो अर्ध्याच्या आसपास आला. घोटाळ्याची कथा आता मालिकांमुळे घरोघरी माहीत आहे. तिच्यापेक्षा अधिक बोधक आणि कमी सांगितली जाणारी गोष्ट पुढच्या दशकाची आहे. १९९४ मध्ये निर्देशांकाने जुना उच्चांक थोडक्यात ओलांडला खरा, पण नंतर तो वर्षानुवर्षे घोटाळत राहिला, आणि एप्रिल २००३ मध्ये, म्हणजे शिखरानंतर तब्बल अकरा वर्षांनी, तो तीन हजारांच्या आसपास होता. ‘दीर्घ मुदत’ हा शब्द आज जाहिरातींत पाच-सात वर्षांच्या अर्थाने सैलपणे वापरला जातो. १९९२ च्या वसंतात पैसे घातलेल्या माणसाला त्या शब्दाची खरी लांबी कळली.

या दशकात लक्ष्मीबाई नगरसारख्या वसाहतीतील बहुतेक कुटुंबांचा शेअर्सशी थेट संबंध अगदी थोडा होता. निवृत्तिवेतन सरकारी तिजोरीतून ठरलेले, सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीवर म्हणजे जीपीएफवर सरकारने जाहीर केलेले व्याज, पोस्टाची बचतपत्रे आणि एलआयसीची पॉलिसी, असा तो बंदोबस्त होता. बाजार या घरांत आला तो मागच्या दाराने, युनिट ट्रस्टच्या ‘यूएस-६४’ या योजनेतून. आणि सामान्य नोकरदाराला पडझडीतून मिळालेला सर्वांत कडू धडा याच योजनेचा असल्याने तिच्याकडे थोडे थांबून पाहावे लागते.

युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था संसदेच्या कायद्याने स्थापन झाली आणि १९६४ मध्ये तिने ही पहिली योजना आणली. दहा रुपये दर्शनी मूल्याचे युनिट घ्यायचे, दरवर्षी लाभांश घ्यायचा आणि हवे तेव्हा ट्रस्टने जाहीर केलेल्या भावाने ते परत विकायचे, अशी तिची सुटसुटीत रचना होती. हा भाव ट्रस्ट स्वतः ठरवत असे. निधीतील सर्व शेअर्स आणि रोखे त्या दिवशीच्या बाजारभावाने मोजून, देणी वजा करून, उरलेल्या रकमेला युनिटांच्या संख्येने भागले की जे येते त्याला निव्वळ मालमत्ता मूल्य म्हणतात. ते मात्र गुंतवणूकदारांना सांगितले जात नव्हते. भाव संथपणे वर जात राही, लाभांश बँकेच्या व्याजाहून बरा मिळे, आणि त्यामुळे निवृत्त कारकुनापासून सचिवापर्यंत सगळे या युनिटांना मुदत ठेवीची बहीण समजत. प्रत्यक्षात निधीचा मोठा भाग शेअर्समध्ये गेलेला होता. बाजार पडे तेव्हा मालमत्ता आटे, पण जाहीर भाव आटत नसे. १९९८ मध्ये राखीव निधी उणे झाल्याचे उघड झाले, दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, सरकारने हात दिला, आणि कारभार बव्हंशी पूर्वीसारखाच चालू राहिला.

मग माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअर्सची तेजी फुटली. २ जुलै २००१ रोजी ट्रस्टने यूएस-६४ ची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी बंद केली. त्याआधीच्या आठवड्यांत मोठ्या कंपन्यांनी आपली युनिटे विकून पैसा काढून घेतला होता हे पुढे बाहेर आले, आणि छोट्या गुंतवणूकदाराला लागलेला खरा चटका नुकसानीपेक्षा या गोष्टीचा होता. नंतर मर्यादित परतखरेदीची सोय झाली. जानेवारी २००२ मध्ये योजना निव्वळ मालमत्ता मूल्यावर आली तेव्हा ते मूल्य सहा रुपयांच्याही खाली असल्याचे दिसले. अखेर सरकारने मध्ये पडून पाच हजार युनिटांपर्यंत बारा रुपये आणि त्यावरील युनिटांना दहा रुपये असा भाव हमीने दिला, २००३ मध्ये त्याबदल्यात पावणेसात टक्के करमुक्त व्याजाचे पाच वर्षांचे रोखे घेण्याचा पर्याय ठेवला, आणि युनिट ट्रस्टचे दोन तुकडे केले. योगायोग असा की २ जुलै २००१ याच दिवशी शेअर बाजारातील ‘बदला’ ही जुनी पद्धतही बंद झाली, ज्यात घेतलेल्या शेअर्सचे पैसे व्याज भरून पुढच्या पुढच्या खेपेवर ढकलता येत. उसनवारीवर उभी असलेली एक पद्धत आणि न दाखवलेल्या भावावर उभी असलेली एक योजना अशा दोन्ही गोष्टी एकाच सोमवारी थांबल्या.

यूएस-६४ च्या अनुभवातून अनेक घरांनी काढलेला निष्कर्ष ‘शेअर बाजाराच्या वाटेला जाऊ नये’ असा होता, आणि तो समजण्यासारखा असला तरी चुकीचा होता. हलत नसलेला भाव स्थिर असतोच असे नाही, तो केवळ लपवलेला असू शकतो, हा त्यातला खरा धडा. आणि तो शेअर्सइतकाच रोख्यांनाही लागू पडतो, हे १९ वर्षांनी पुन्हा दिसले. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटन म्युच्युअल फंडाने आपल्या सहा कर्जरोखे योजना एकाएकी बंद केल्या, तेव्हा त्यांत अडकलेल्यांमध्ये शेअर्स धोक्याचे म्हणून मुद्दाम रोख्यांकडे गेलेली बरीच सावध माणसे होती. त्यांना पुढील काळात टप्प्याटप्प्याने पैसे परत मिळाले, पण कोरोनाच्या साथीच्या त्या महिन्यांत ज्याला रुग्णालयाचे बिल भरायचे होते त्याच्या दृष्टीने ‘पुढील काळ’ निरुपयोगी होता.

चुकीच्या निष्कर्षाची किंमत पडझडीच्या किमतीहून मोठी ठरते, हे २००३ नंतरच्या तेजीने दाखवले. तीन हजारांच्या आसपास रेंगाळणारा सेन्सेक्स पाच वर्षांत एकवीस हजारांजवळ पोहोचला, आणि पोळलेली घरे त्या प्रवासात बहुतांशी बाहेर राहिली. ती परत आली ती अगदी शेवटी. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरच्या शेअर विक्रीला विक्रमी मागणी आली आणि सामान्य अर्जदारांना ४३० रुपयांना शेअर मिळाला. ११ फेब्रुवारीला नोंदणीच्या पहिल्याच दिवशी तो ३७२ च्या आसपास बंद झाला. मधल्या काळात २१ जानेवारीला सेन्सेक्स एका दिवसात १,४०८ अंकांनी कोसळला होता. ८ जानेवारी २००८ च्या २०,८७३ वरून ९ मार्च २००९ च्या ८,१६० पर्यंतची ही घसरण जवळजवळ एकसष्ट टक्क्यांची होती, आणि इथे एक साधे गणित सांगणे आवश्यक आहे: पन्नास टक्के घसरलेली रक्कम पूर्ववत होण्यासाठी शंभर टक्के वाढावी लागते, तर एकसष्ट टक्के घसरलेल्या रकमेला सुमारे १५६ टक्के वाढ लागते. पडताना आणि चढताना टक्के सारखे दिसले तरी त्यांचे वजन वेगळे असते, आणि खोल पडझडीत हे अंतर भयंकर वाढते.

याच सुमारास लक्ष्मीबाई नगरमध्ये एक नवी पिढी बाजारात उतरलेली होती, आणि तिला तसे विचारलेही गेले नव्हते. १ जानेवारी २००४ पासून सैन्यदले वगळता केंद्र सरकारी सेवेत रुजू होणाऱ्या प्रत्येकाला जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी नवी निवृत्तिवेतन पद्धती, म्हणजे एनपीएस, लागू झाली. वेतनाच्या दहा टक्के कर्मचाऱ्याचे आणि तेवढेच सरकारचे (२०१९ पासून सरकारचे चौदा टक्के) पैसे एका खात्यात जमा होतात, ते रोखे आणि शेअर्समध्ये गुंतवले जातात, आणि निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतील किमान चाळीस टक्क्यांतून आजन्म वर्षासन घ्यावे लागते. आरंभीची चार वर्षे हा पैसा सरकारकडे आठ टक्के व्याजाने पडून होता. तो स्टेट बँक, एलआयसी आणि यूटीआय यांच्या निधी व्यवस्थापकांकडे जाऊन बाजारात उतरला एप्रिल २००८ मध्ये, म्हणजे कोसळणे सुरू होऊन तीन महिने झाल्यावर आणि सर्वांत वाईट काळ अजून यायचा असताना. याहून अशुभ मुहूर्त शोधूनही सापडला नसता.

आणि तरीही या खात्यांचे फारसे बिघडले नाही. पहिले कारण वाटणीचे आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या या योजनेत शेअर्सचा वाटा जास्तीत जास्त पंधरा टक्के ठेवलेला होता. पंधरा टक्क्यांचा भाग साठ टक्क्यांनी घसरला तरी एकूण रकमेचे नुकसान नऊ टक्क्यांचे. उरलेला भाग मुख्यतः रोख्यांत होता, आणि व्याजदर घटले की जास्त व्याज देणाऱ्या जुन्या रोख्यांची किंमत वाढते. रिझर्व्ह बँकेने बँकांना कर्ज देण्याचा आपला रेपो दर ऑक्टोबर २००८ मधील नऊ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत पावणेपाच टक्क्यांवर आणल्याने त्या महिन्यांत रोख्यांनी शेअर्सची खोट भरून काढली. दुसरे कारण हप्त्यांचे आहे. दरमहा एक हजार रुपये गुंतवणाऱ्याला युनिटचा भाव दहा असताना शंभर, पाच असताना दोनशे आणि पुन्हा दहा झाल्यावर शंभर युनिटे मिळतात. भाव जिथे होता तिथेच परत आला, पण तीन हजारांचे चार हजार झाले. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी कौतुकाचे आहे: या कर्मचाऱ्यांना विकताच येत नव्हते. मार्च २००९ मध्ये कितीही भीती वाटली तरी खाते बंद करण्याची सोय नव्हती, त्यामुळे १८ मे २००९ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या निकालानंतरच्या सोमवारी, सेन्सेक्स २,१०० हून अधिक अंकांनी उसळून व्यवहार थांबवावे लागले तेव्हा ते आपोआप आत होते. ज्यांनी आपल्या मर्जीने विकले होते त्यांना तो दिवस टीव्हीवर पाहावा लागला, कारण मिनिटभरातच भाव हाताबाहेर गेला होता.

विकता न येणे यूएस-६४ मध्ये फसवणूक ठरले आणि एनपीएसमध्ये संरक्षण. फरक असा की एनपीएसमधील युनिटचे मूल्य दररोज जाहीर होते, दार सर्वांसाठी सारखेच बंद असते, आणि ते केव्हा उघडेल हे आधीपासून ठाऊक असते. यूएस-६४ चे दार उघडे असल्याचे वचन होते आणि ते काहींसाठी इतरांच्या आधी उघडले गेले.

पण हे दार उघडण्याची तारीखच या व्यवस्थेचा कच्चा दुवा आहे, आणि १८६५ च्या वायद्यांशी तिचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. केंद्र सरकारी कर्मचारी ज्या महिन्यात साठ वर्षांचा होतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. बाजाराला त्याची फिकीर नसते. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळून २५,९८१ वर आला, आणि त्यानंतर आठव्या दिवशी, ३१ मार्चला, देशभर अनेक कर्मचारी निवृत्त झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये निर्देशांक जानेवारीच्या शिखरापलीकडे गेला, त्यामुळे ही पडझड आता किरकोळ वाटते. पण निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत क्वार्टर सोडावे लागते, आणि द्वारका किंवा नोएडात फ्लॅट घेणारा किंवा नागपूर, पुण्याकडे परतणारा माणूस आपली पुंजी आठ महिने जपून ठेवू शकतोच असे नाही. रक्कम काढणे लांबणीवर टाकण्याची मुभा नियमांत आहे. ती वापरण्यासाठी लागणारी दुसरी मिळकत मात्र नियम देत नाहीत.

महाराष्ट्रातील राज्य कर्मचाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी केलेला संप आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला दिल्लीच्या रामलीला मैदानावर भरलेला मेळावा यांच्या मागे हीच चिंता होती. बाजार दीर्घकाळात वर जातो हे आंदोलकांनाही मान्य असू शकते; त्यांची तक्रार अशी की दीर्घकाळ हा देशाच्या आयुष्यात असतो, माणसाच्या निवृत्तीला एकच दिवस असतो. जपानचे उदाहरण या शंकेला बळ देते: तेथील निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ मधील शिखर ओलांडले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये, चौतीस वर्षांनी, म्हणजे एका संपूर्ण सरकारी सेवेहून थोड्याच कमी काळाने.

सोळावा नियम लागू नसलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डीमॅट खाती, म्हणजे शेअर्स ठेवण्याची इलेक्ट्रॉनिक खाती, होती. ऑगस्ट २०२२ पर्यंत ती दहा कोटींवर गेली. या नव्या मंडळींनी पाहिलेली एकमेव मोठी पडझड आठ महिन्यांत भरून आली, आणि घसरण म्हणजे खरेदीची संधी हा त्यांनी काढलेला धडा ‘शेअर बाजाराच्या वाटेला जाऊ नये’ या त्यांच्या आईवडिलांच्या धड्याइतकाच एका उदाहरणावर बेतलेला आहे. त्यांच्यातील बरेच जण फ्युचर्स आणि ऑप्शन्सकडे वळले, जे मुळात मुदतीचे आणि थोड्या पैशावर मोठा डाव मांडू देणारे करार आहेत. बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तीन आर्थिक वर्षांत अशा वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि तोही बाजार चढता असताना.

सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली, जी १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. पंचवीस वर्षे सेवा झालेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन तीत हमीने मिळते, म्हणजे निवृत्तीच्या दिवशी बाजार कुठे आहे याचे ओझे सरकार उचलते. बदल्यात जमलेल्या पुंजीवरचा कर्मचाऱ्याचा ताबा बराच कमी होतो. सुमारे तेवीस लाख कर्मचाऱ्यांसाठी ती आखलेली होती, पण निवड करण्याची मुदत दोनदा वाढवूनही बहुसंख्यांनी एनपीएसमध्येच राहणे पसंत केले. जे राहिले त्यांच्यासाठी २०१९ पासून वयाप्रमाणे शेअर्सचा वाटा आपोआप घटवणारे पर्यायही आहेत, त्यांपैकी एकात तो पस्तिसाव्या वर्षापर्यंत पन्नास टक्के असतो आणि पंचावन्नाव्या वर्षी दहा टक्क्यांवर येतो. २००४ मध्ये पंचविशीत रुजू झालेला कर्मचारी २०३९ मध्ये निवृत्त होईल, आणि संपूर्ण सेवाकाळ बाजाराशी जोडलेल्या निवृत्तिवेतनाचा पहिला पूर्ण हिशेब तेव्हाच मांडता येईल.